रुपयाभार रुपे

खेड्यातल्या वयस्क बायकांच्या तोंडी चांदीच्या दागिन्यांचे वजन अजूनही 'भारा'त येते. सासूचे तोडे चाळीस भाराचे होते, आईची साखळी वीस भाराची होती, असे त्या सांगतात. शिक्षकांच्या एका शिबिरात मी विचारले, हा भार म्हणजे किती? बहुतेकांनी 'तोळा' असे बरोबर उत्तर दिले. मग तोळा म्हणजे किती? ११.६६ ग्रॅम. (हल्ली सराफ सोयीसाठी दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ते सोडून देऊ.) आणि हा असा अडनिडा आकडा आला कुठून? इथे मात्र वर्ग शांत झाला.

उत्तर शब्दातच दडलेले आहे. पूर्ण शब्द 'रुपयाभार' असा आहे. १८३५ सालच्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, आणि तोळाही तेवढाच, १८० ग्रेन. म्हणजे ज्याच्या खिशात नवा रुपया, त्याच्या खिशात तोळ्याचे वजनमाप. सोनाराच्या तराजूत एका पारड्यात चांदी आणि दुसऱ्या पारड्यात रुपये, असे माप पुढे शंभर वर्षे चालले.

चांदीच्या दागिन्यांचा इतिहास म्हटला की आपण नक्षीकामाकडे वळतो: जाळीकाम, मीनाकारी, घुंगरांचे प्रकार. ते सुंदर आहेच. पण आपल्याकडच्या चांदीच्या दागिन्याची खरी गोष्ट त्या तराजूत आहे असे मला वाटते. चांदीचे नाणे आणि चांदीचा दागिना या एकाच धातूच्या दोन अवस्था होत्या. सुगी झाली की रुपये आटवून तोडे व्हायचे, पाऊस हुकला की तोडे आटून रुपये व्हायचे. ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होती तोवर बाईच्या पायातले तोडे ही त्या घराची बँक होती. त्यातली एक बाजू २६ जून १८९३ रोजी बंद झाली. त्या दिवशी काय झाले हे समजायला आधी धातूचे गुण आणि त्याचा प्रवास पाहावा लागेल.

शिशाच्या पोटातली चांदी

सोने नदीच्या वाळूत धातूच्याच रूपात मिळते. चांदी तशी क्वचितच मिळते. ती गंधकाशी सहज जोडली जाते, आणि बहुतेक वेळा शिशाच्या खनिजात, म्हणजे गॅलेनात, थोड्या प्रमाणात लपलेली असते. चांगल्या गॅलेनात टनामागे काहीशे ग्रॅम ते एखाद-दोन किलो चांदी. म्हणजे चांदी मिळवायची तर आधी शिसे मिळवायचे आणि मग त्यातून चांदी वेगळी करायची. हे अवघड तंत्र माणसाला साधेपर्यंत चांदी सोन्यापेक्षा दुर्मीळ होती. प्राचीन इजिप्तमध्ये सोने भरपूर होते, पण चांदी बाहेरून यायची. तानिस येथे १९४० साली उघडलेल्या थडग्यात सुसेनिस या राजाची शवपेटी निघाली, ती चांदीची. सोन्याचा मुखवटा असलेल्या राजालाही चांदीच्या पेटीचे अप्रूप होते.

शिशातून चांदी काढण्याची रीत इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस पश्चिम आशियात माहीत झाली होती. सीरियातल्या हबूबा कबीरा या स्थळी तिचे टाकाऊ अवशेष मिळाले आहेत. रीत अशी: चांदीमिश्रित शिसे हाडांच्या राखेच्या खोलगट बशीत घ्यायचे आणि सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावर हवा खेळवायची. शिशाचे ऑक्साइड होते. आपल्या वैद्यांचे आणि रंगाऱ्यांचे मुरदाडशिंग ते हेच. ते वितळून राखेत शोषले जाते. चांदीला या तापमानाला ऑक्सिजनशी जोडले जाण्यात रस नसतो. सगळे शिसे निघून गेले की बशीच्या तळाशी एक चकचकीत मणी उरतो. पदार्थ शुद्ध करायचा म्हणजे नकोसा भाग काढायचा असे आपण वर्गात शिकवतो. त्याचे याहून नाट्यमय उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण इथे नकोसा भाग शेकडो पट जास्त असतो.

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीची भांडी आणि दागिने मिळाले. त्यांतल्या एका चांदीच्या भांड्याला कापसाच्या विणलेल्या कापडाचा तुकडा चिकटलेला होता. कापूस एरवी चार हजार वर्षे टिकत नाही. गंजलेल्या धातूच्या क्षारांनी जंतूंना तिथे फिरकू दिले नाही म्हणून तो टिकला. सिंधू संस्कृतीतल्या कापडाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा असा चांदीच्या कृपेने मिळाला आहे.

पुढे राजस्थानात जावर, दरीबा आणि आगुचा इथे शिसे, जस्त आणि चांदीच्या खाणी चालल्या. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, हिंदुस्तान झिंक आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांच्या संशोधकांनी तिथे काम केले. जुन्या खाणीतल्या लाकडी आधारांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात जाते. हाच आपल्या सर्वांत जुन्या नाण्यांचा, चांदीच्या आहत नाण्यांचा काळ. पाणिनीच्या व्याकरणात 'रूप्य' हा शब्द ठसा मारलेल्या नाण्याच्या अर्थाने येतो. मराठीतले 'रुपे' आणि 'रुपया' हे दोन्ही त्याच शब्दाचे वंशज. धातूचे नाव आणि नाण्याचे नाव भाषेतही वेगळे राहिले नाही.

पण या खाणींतून देशाची भूक भागणारी नव्हती. भारतातली बहुतेक चांदी समुद्रावरून आली. मसाले, कापड आणि नीळ जात असत, आणि त्यांच्या बदल्यात देण्याजोगे परदेशी व्यापाऱ्यांकडे फारसे काही नसल्याने ते चांदी देत. पहिल्या शतकात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत रोमन चांदीची नाणी आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल फायद्याची ठरते असेही तिथे नोंदवले आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. हरलेल्या राजाचे नाणे जिंकलेल्याने आटवायचीही तसदी घेतली नाही, वरून शिक्का मारून चालू केले. धातूची किंमत राजावर अवलंबून नसते, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

पोटोसीहून सुरतेला

१५४५ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, सुमारे चार हजार मीटर उंचीवर पोटोसीचा चांदीचा डोंगर स्पॅनिश लोकांच्या हाती लागला. सुरुवातीचे श्रीमंत खनिज भट्टीत वितळवता येत होते, ते काही वर्षांतच संपत आले. उरलेल्या हलक्या खनिजासाठी लाकूडफाटा कुठून आणायचा? तेवढ्या उंचीवर झाडेच नाहीत. उत्तर रसायनाने दिले. १५५४ साली मेक्सिकोत बार्तोलोमे दे मेदिना याने पाऱ्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. खनिजाची पूड, मीठ, मोरचूद आणि पारा पाण्यात कालवून आठवडेच्या आठवडे फरसबंद अंगणात तुडवायचे. मीठ आणि मोरचुदाच्या क्रियेने चांदीच्या सल्फाइडचे क्लोराइड होते, पारा त्यातली चांदी सोडवून स्वतःत विरघळवून घेतो, आणि ते मिश्रण तापवले की पारा उडून चांदी उरते. भट्टी लागते ती फक्त शेवटी. ही पद्धत १५७० च्या दशकात पोटोसीत आली. पारा पेरूतल्या वांकावेलिका इथून यायचा.

त्याची किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनी मोजली. 'मिता' या नावाच्या सक्तीच्या वेठीने दरवर्षी तेरा हजारांहून अधिक माणसे आळीपाळीने पोटोसीत आणली जात. खाणीतल्या धुळीने आणि पाऱ्याच्या वाफेने किती मेली याचा हिशोब कोणी नीट ठेवला नाही. वर्गात पाऱ्याचे गुणधर्म शिकवताना तापमापकाबरोबर पोटोसीचाही उल्लेख करावा असे मला फार वाटते.

या चांदीचा मोठा वाटा सेव्हिल, ॲमस्टरडॅम, लंडन अशा वाटांनी, लाल समुद्रातून आणि काही पॅसिफिक ओलांडून मनिलामार्गे आशियात आला. मोगल राज्यात परकी नाणे बाजारात चालत नसे. ते टांकसाळीत आटवून बादशाही रुपया पाडून घ्यावा लागे, आणि सुरतेची टांकसाळ हे या कामाचे मोठे ठिकाण होते. शेरशहाने सोळाव्या शतकात रूढ केलेला सुमारे साडेअकरा ग्रॅमचा चांदीचा रुपया मोगलांनी चालू ठेवला, आणि त्याच्या शुद्धतेबद्दल ते फार कडक होते. असा रुपया सारा, पगार आणि बाजार यांतून फिरत गावात पोचे. तिथे सोनाराच्या मुशीत त्याचा प्रवास थांबे, निदान पुढचा दुष्काळ येईपर्यंत. पोटोसीच्या डोंगरातली चांदी दख्खनच्या बाईच्या पायात आली ती अशी.

सोनाराची मूस

रुपये आटवूनच दागिना का करायचा? बाजारात चांदीच्या लगडी मिळत होत्या. याचे कारण पुन्हा धातूच्या गुणांत आहे, आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येते.

सोन्यात तांबे मिसळले तर दोन गोष्टी उघड होतात: रंग लालसर होतो आणि घनता झपाट्याने उतरते. आर्किमिडीजची गोष्ट सोन्याबद्दल आहे ती उगीच नाही. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६. शंभर ग्रॅम शुद्ध चांदीचे आकारमान ९.५३ घन सेंटिमीटर भरते. रुपयाची चांदी म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. तिचे शंभर ग्रॅम घेतले तर ९.६७. फरक ०.१४ घन सेंटिमीटर. शाळेच्या मोजपात्रात तो दिसणारच नाही. त्यात कोणी थोडे शिसे घातले तर घनता पुन्हा वर आणून ठेवता येते, कारण शिशाची घनता ११.३ आहे. रंगावरही विसंबता येत नाही. पाव हिस्सा तांबे असले तरी चांदी पांढरीच दिसते.

शिवाय सोनाराची एक नेहमीची क्रिया, फसवण्याचा हेतू नसतानाही, फसवते. शुद्ध चांदी फार मऊ असते, तिचे कडे महिन्याभरात वाकेल. म्हणून तांब्याचे हीण लागतेच. तांबे मिसळले की धातू टणक होतो आणि वितळतोही लवकर. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, शुद्ध तांबे १०८५ अंशांना, पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७८० अंशांनाच पातळ होते. दोन धातू एकत्र येऊन दोघांपेक्षाही आधी वितळतात हे मुलांना नेहमी आश्चर्याचे वाटते. आता ठोकाठोकीकडे येऊ. हातोडीने ठोकलेली किंवा जंत्रीतून ओढलेली चांदी कडक होत जाते आणि शेवटी तडकते, कारण तिच्या स्फटिकांच्या रचनेतले दोष एकमेकांत अडकून बसतात. म्हणून सोनार ती मधूनमधून बागेसरीत मंद लाल होईपर्यंत तापवतो. तापवले की वरच्या थरातल्या तांब्याचे ऑक्साइड होऊन दागिना काळवंडतो. मग तो चिंचेच्या पाण्यात किंवा तुरटीत उकळून उजाळायचा. आम्लात तांब्याचे ऑक्साइड विरघळते, चांदी तशीच राहते. ही क्रिया चार-पाच वेळा झाली की पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर तयार होतो. आत हिणकस, वर चोख! कसोटीच्या दगडावर वरवर घासले तर कसही चोखच उतरेल. म्हणून जाणता सराफ आधी कानशीने खोल खाच पाडतो आणि मग कस पाहतो.

खात्रीची परीक्षा रसायनशाळेतच. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि त्यात मिठाचे पाणी मोजून घालायचे. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका येणे थांबले की किती मीठ लागले त्यावरून चांदी किती ते कळते. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने १८३० च्या सुमारास पॅरिसच्या टांकसाळीसाठी ही पद्धत बसवली. गावातल्या बाईकडे ना नायट्रिक आम्ल, ना गे-ल्युसॅक. तिच्याकडे होता राणीछाप रुपया. त्याचे वजन आणि कस टांकसाळीने तपासलेले होते. ती रुपये मोजून सोनाराच्या हातात द्यायची आणि चाळीस रुपयांचे चाळीस भार तोडे परत घ्यायची. घडणावळ वेगळी. वजन भरले की काम झाले. नाण्यावरचा ठसा तिच्यासाठी शुद्धतेचे प्रमाणपत्र होता. आजच्या हॉलमार्कचे काम तेव्हा रुपया करत होता.

सोनारांवर अविश्वासाच्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. त्यांतला काही भाग खरा असेल, पण बराचसा या धातूच्या स्वभावामुळे आला असावा. ज्याची परीक्षा सहज करता येत नाही तो माल हाताळणारा माणूस नेहमीच संशयित ठरतो.

सोने पायात घालू नये हा संकेत चांदीच्या पथ्यावर पडला. तोडे, वाळे, पैंजण, जोडवी, मासोळ्या हे सारे चांदीचे, आणि वजनदार. गळ्यातल्या सोन्याच्या मण्यांपेक्षा पायातल्या चांदीत घराची बचत जास्त असे. लहान मुलाच्या कमरेचा करदोटाही चांदीचा. बँक गावात नव्हती, सावकार होता. अडचणीत दोनच वाटा: सावकाराकडे जमीन गहाण टाकायची, नाहीतर तोडे मोडायचे. दुसऱ्या वाटेत व्याज नव्हते आणि कागदावर अंगठाही नव्हता.

टांकसाळीचे दार

ही बँक कशावर उभी होती? १८३५ नंतरच्या व्यवस्थेत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. सुमारे दोन टक्के सरकारी आकार द्यावा लागे. शेतकरी स्वतः मुंबईला जात नसे. तो तोडे सोनाराला विकी, सोनार सराफाला, सराफ मुंबईच्या पेढीला, आणि पेढी टांकसाळीत भरणा करी. प्रत्येकाची दलाली गेली तरी शेवटी एका रुपयाभार चांदीचा जवळपास एक रुपया होणार हे साऱ्यांना ठाऊक असल्याने भाव फार खाली जाऊ शकत नव्हता. दुसऱ्या बाजूने, चांदी रुपयापेक्षा महाग झाली तर लोक रुपयेच आटवणार, म्हणून भाव फार वरही जाऊ शकत नव्हता. दागिन्याच्या किमतीला खालून आणि वरून असे दोन टेकू होते.

१८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळात या व्यवस्थेची परीक्षा झाली. धान्य मिळत होते, पण भाव आवाक्याबाहेर गेला होता. दागिने मोडले गेले, आणि त्या काळात मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांच्या चांदीचा ओघ लागला. लाखो माणसे तरीही मेली. चांदीने सगळ्यांना वाचवले असे कोणी म्हणू नये. ज्यांच्याकडे ती होती त्यांना काही महिने मिळाले, आणि तिचे रुपये पूर्ण मिळाले, एवढेच.

त्याच दशकात जगात चांदीचे दिवस फिरले होते. अमेरिकेतल्या नेवाडात १८५९ साली कॉमस्टॉकची शिरा सापडली होती आणि चांदी उदंड झाली होती. जर्मनीने १८७१ ते १८७३ या काळात चांदीचे चलन सोडून सोन्याचे घेतले, इतरांनीही तीच वाट धरली. लंडनच्या बाजारात १८७२ साली साठ पेन्स औंस असलेली चांदी १८९३ च्या आसपास छत्तीस पेन्सांवर आली. आपल्या रुपयाचीही सोन्यातली किंमत तशीच घसरली: दोन शिलिंगांच्या आसपास होती, ती सव्वा शिलिंगापर्यंत उतरली. भारत सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे: निवृत्तिवेतने, रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, लष्कराचा खर्च. हा 'होम चार्जेस'चा बोजा रुपयांत फुगत चालला. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी कायदा झाला आणि टांकसाळीचे दार लोकांसाठी बंद झाले. सरकार स्वतः हवे तेवढे रुपये पाडणार, पण तुमची चांदी घेऊन तुम्हाला रुपये मिळणार नाहीत. रुपये टंचाईचे करून त्यांची किंमत एक शिलिंग चार पेन्सांवर न्यायची, असा डाव होता, आणि पाच-सहा वर्षांत तो साधलाही.

वरून पाहणाऱ्याला हा विनिमय दराचा प्रश्न वाटतो. खालून पाहिले तर एक टेकू निघाला. रुपया आटवून चांदी करता येत होती, चांदीचा रुपया करता येत नव्हता. तोड्यांचा भाव आता लंडनच्या मोकळ्या बाजारावर लोंबकळू लागला.

हा हिशोब नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करण्याजोगा आहे. रुपयात शुद्ध चांदी किती? १८० ग्रेनच्या बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे १६५ ग्रेन. लंडनचा भाव ज्या प्रमाणित औंसाचा असे त्यात शुद्ध चांदी ४८० च्या ९२.५ टक्के, म्हणजे ४४४ ग्रेन. भागाकार केला तर एका रुपयात ०.३७२ औंस. १८९९ साली भाव होता सुमारे साडेसत्तावीस पेन्स. गुणाकार करा: सव्वादहा पेन्स. आणि रुपया कितीचा? एक शिलिंग चार पेन्सांचा, म्हणजे सोळा पेन्सांचा. रुपयाचे आणे सोळा आणि पेन्सही सोळा, म्हणून एक पेन्स म्हणजे एक आणा. रुपयाभार चांदीचे लंडनच्या भावाने जेमतेम सव्वादहा आणे! जे चाळीस भाराचे तोडे १८७७ साली मोडले असते तर चाळीसाच्या आसपास रुपये झाले असते, त्यांचे आता सव्वीसही होत नव्हते. सोनार-सराफांची दलाली त्यातून आणखी वजा.

आणि १८९९-१९०० साली पुन्हा दुष्काळ पडला, संवत १९५६ चा छपनिया. गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळले. तोडे पुन्हा पायांतून उतरले. सारा मात्र रुपयांतच भरायचा होता, आणि धान्यही रुपयांतच विकत घ्यायचे होते.

टांकसाळ बंद केली नसती तर रुपया सोन्याच्या हिशोबात आणखी उतरला असता, आयात महागली असती, सरकारला कर वाढवावे लागले असते, असा बचाव तेव्हा झाला आणि आजही होतो. त्यात तथ्य आहे. नव्याने चांदी घेणाऱ्याला ती स्वस्त मिळाली हेही खरे. पण ज्यांनी आधीच पै-पै करून पायात बचत बांधली होती त्यांच्या बचतीचा तिसरा हिस्सा त्यांना न विचारता गेला, आणि तो कर म्हणून कुठल्याच अंदाजपत्रकात दिसला नाही. दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलन समितीपुढे या धोरणाला विरोध केला. डॉ. आंबेडकरांनी १९२३ सालच्या आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात याच घटनेची सविस्तर चिकित्सा केली. त्यांचा आक्षेप वेगळ्या जागी होता: टांकसाळ लोकांना बंद झाली, सरकारला मात्र खुलीच राहिली, यावर. चांदीच्या तोड्यांविषयी बोलता बोलता आपण आंबेडकरांच्या अर्थशास्त्रापर्यंत येतो, हे इतिहासाच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात चांदी भडकली. १९१७ साली भावाने त्रेचाळीस पेन्स ओलांडले. वरच्याच हिशोबाने पाहा, सोळा भागिले ०.३७२ केले की हा आकडा येतो. त्यापलीकडे रुपयातली चांदी रुपयाहून महाग होते. लोक रुपये दडवू लागले, सरकारने रुपये आटवण्यावर बंदी घातली आणि एक रुपयाची नोट काढली. १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर आटवले आणि सुमारे वीस कोटी औंस चांदी भारताच्या रुपयांसाठी विकली. नेवाडाची चांदी अखेर तीही सोनाराच्या मुशीपर्यंत आली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, वजन मात्र तेच १८० ग्रेन ठेवले. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त. असा रुपया आटवून तोडे करणे शहाणपणाचे राहिले नाही. १९४७ साली निकेलचा रुपया आला आणि रुपे आणि रुपया यांचे नाते केवळ शब्दापुरते उरले.

आज कोल्हापूरजवळच्या हुपरीत घरोघर पैंजण घडतात, खामगावची चांदी तिच्या शुद्धतेसाठी ओळखली जाते, आणि राजस्थानच्या त्याच जुन्या पट्ट्यात शिसे-जस्ताबरोबर हिंदुस्तान झिंक चांदी काढते. देशाची बरीचशी चांदी मात्र पूर्वीसारखीच बाहेरून येते.

आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या घरी पणजीचे तोडे किंवा वाळे असतील तर पालकांच्या परवानगीने, त्यांच्यासमोरच, एक प्रयोग करून पाहा. ते काळे पडले असतील, कारण हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे त्यांवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. काचेच्या भांड्यात तळाशी ॲल्युमिनिअमचा कागद ठेवा, त्याला टेकून दागिना ठेवा आणि गरम पाण्यात खाण्याचा सोडा व मीठ विरघळवून ओता. ॲल्युमिनिअम आपले इलेक्ट्रॉन देऊन सल्फाइडमधल्या चांदीला पुन्हा धातू बनवते. म्हणजे घासून चांदी घालवायला नको. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो त्या गंधकाचा. खडे किंवा मीना असलेल्या दागिन्यावर हे करू नये. नंतर दागिना कोरडा करून वजन घ्या आणि ग्रॅमच्या आकड्याला ११.६६ ने भागा. उत्तर चाळीस, पन्नास, शंभर अशा पूर्ण आकड्याच्या किंचित खाली आले तर तेवढेच रुपये मुशीत गेले होते असा अंदाज बांधायला हरकत नाही. कमी भरलेला अपूर्णांक चालून चालून झिजला, की सोनाराच्या बागेसरीत राहिला, हे काही तराजू सांगणार नाही.